पथ्य म्हणजे वाट न सोडणे



माणूस कर्करोगाने गेला की वर्तमानपत्रात एक वाक्य ठरल्यासारखे छापून येते : ‘अमक्याची कर्करोगाशी झुंज अपयशी ठरली.’ अभिनेत्री प्रिया मराठे ३१ ऑगस्ट २०२५ रोजी, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी निवर्तल्या. रोग झाला, उपचार झाले, त्या पुन्हा नाटक-मालिकांच्या कामाला लागल्या, आणि मग रोग उलटला. दूरदर्शन संचावर त्यांना रोज पाहणाऱ्या बायाबापड्या हळहळल्या, आणि ‘झुंज’ व ‘अपयश’ हे दोन शब्द पुन्हा घरोघर बोलले गेले. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. परंतु हे शब्द कोणाच्या कानावर पडतात, इकडे लक्ष द्यावे. आमच्या शिवाजी पेठेतल्या एखाद्या माडीवर एकोणीस-वीस वर्षांचे पोरगे परळहून दुसरा डोस घेऊन येऊन पडलेले असते. तोंड आलेले, उशीवर केस गळलेले, आणि रिपोर्ट येतो की काउंट पडला, पुढचा डोस आठवडाभर लांबला. त्याच्या कानावर हे शब्द गेले की ते मनाशी म्हणते, ‘म्हणजे आपण हरायला लागलो.’

कोल्हापूरच्या पोराला झुंज म्हणजे काय ते सांगायला नको. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेच्या मैदानात एकाची पाठ मातीला लागली की निकाल झाला. दोघे उठून आपापल्या तालमीला जातात. हाच दृष्टांत आजाराला लावला, तर दर वेळी काउंट पडला की पाठ लागली असे त्या पोराला वाटणार. म्हणून आजच्या पाठात एवढेच पाहायचे की, तरुण माणसाच्या उपचारात मधे मधे जी पडझड होते तिचा खरा अर्थ काय, आणि त्या वेळी त्याने व घरच्यांनी कसे वागावे.

१. शब्दविचार

आधी शब्द नीट पाहू, कारण शब्द चुकला की विचार चुकतो.

जुन्या आयुर्वेदसंहितांत गाठीच्या एका रोगाला ‘अर्बुद’ म्हटले आहे. प्रत्येक अर्बुद म्हणजे आजचा कर्करोग असे नव्हे, पण पुष्कळ वर्णन जुळते. सुश्रुतसंहितेत आणखी दोन नावे आहेत. आधीच्या अर्बुदावर दुसरे उगवले तर ते ‘अध्यर्बुद’. जोडीने किंवा एकामागून एक झाले तर ‘द्विरर्बुद’. म्हणजे रोग फिरून डोके वर काढतो, हे जुन्या वैद्यांनी डोळ्यांनी पाहिले होते आणि त्याला शास्त्रात जागा दिली होती. रोगी कमी पडला, असा शेरा त्यात नाही. ‘कर्करोग’ हा शब्द त्या मानाने अलीकडचा. गाठीभोवती पसरलेल्या शिरा पाहून ग्रीक वैद्यांना खेकडा आठवला. लॅटिन भाषेत खेकड्याला ‘कॅन्सर’ म्हणतात, आणि आपल्याकडे ‘कर्क’. पंचांगातली कर्क रास ती हीच.

दुसरी जोडी ‘आधि’ आणि ‘व्याधि’. व्याधि शरीराची, आधि मनाची. व्याधीवर इलाज डॉक्टरांचा. आधि मात्र घरच्यांच्या बोलण्याने वाढते आणि घरच्यांच्या बोलण्यानेच उतरते.

तिसरा शब्द आजच्या पाठाचा मुख्य, तो म्हणजे ‘पथ्य’. पथ्य म्हटले की आपल्याला आंबट-तेलकट वर्ज्य एवढेच आठवते. पण ‘पथिन्’ म्हणजे वाट. पाणिनीच्या व्याकरणात ‘त्यापासून न ढळलेले’ या अर्थी एक प्रत्यय सांगितला आहे. तो लागून ‘न्याय्य’, ‘धर्म्य’ असे शब्द होतात. न्यायापासून न ढळलेले ते न्याय्य, आणि वाटेपासून न ढळलेले ते पथ्य. आता बघा, वाट म्हटली की चढ आला, चिखल आला, पायाला फोड आले, मुक्काम आला. मुक्कामाला बसलेल्या वारकऱ्याला कोणी हरला म्हणत नाही. अडचण एकाच ठिकाणी होते : मुक्कामावरून पुढे न जाता तो घरी परत फिरला तर.

तेव्हा झुंजीचा दृष्टांत बाजूला ठेवू, आणि वाटेचा घेऊ.

२. औषध असे का वागते

केमो म्हणतात ते औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते. कर्करोगाची पेशी भराभर वाढते, म्हणून ती मरते. परंतु निरोगी शरीरातही काही जागी पेशींची वाढ सतत चाललेली असते : केसांच्या मुळांशी, तोंडाच्या व आतड्याच्या आतल्या अस्तराला, आणि हाडांच्या आतल्या मगजात, जिथे रक्त तयार होते. औषधाला आपले-परके पुरते ओळखता येत नाही. म्हणून केस जातात, तोंड येते, जुलाब लागतात, रक्तातल्या पेशी उतरतात. ऊस तोडल्यावर बुडख्यातून खोडवा फुटतो, तशी ही हानी बहुतेक भरून येते. पण फुटायला दिवस लागतात. पुष्कळ औषधक्रम तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने देतात, त्याचे कारण हेच. डोस दिल्यावर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात, आणि मग चढू लागतात. म्हणजे ही उतरण डॉक्टरांनी आधीच धरलेली असते.

या औषधांतले एक तर आपल्या दारातले आहे. सदाफुली आपण परसात लावतो, देवाला वाहतो. १९५० नंतरच्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या दोघांनी ती मधुमेहावर गुणकारी म्हणतात म्हणून तपासायला घेतली. साखर काही उतरली नाही, पण तपासणीच्या प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणे हाच तर रक्ताच्या कर्करोगाचा प्रकार! त्यातून व्हिनब्लास्टिन निघाले, आणि सदाफुलीतूनच पुढे व्हिन्क्रिस्टिन. मुलांच्या रक्तकर्करोगात हे दुसरे औषध जगभर शिरेतून देतात.

हे वाचून कोणी सदाफुलीचा पाला उकळून पाजू नये. पाल्याच्या ढिगातून चिमूटभर औषध निघते, आणि त्या चिमटीचेही माप चुकले तर जीव जातो. मापात दिले तरी व्हिन्क्रिस्टिनने हातापायांना मुंग्या येतात, जबडा दुखतो, पोट साफ होत नाही. त्याच उपचारात दुसरी एक जातीची गोळी असते, प्रेडनिसोलोन किंवा तिच्यासारखी. तिने भूक खवळते, तोंड सुजल्यासारखे दिसते, झोप उडते, आणि शांत पोरगेही आईवर खेकसते. आई म्हणते, पोराचं वळण बिघडलं. वळण बिघडलेले नाही, माउली. ते गोळीचे काम आहे. गोळी थांबली की बहुधा निवळते. तोवर डॉक्टरांच्या कानावर घालावे.

आता एक नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्याजोगा. काउंट उतरलेला असताना ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा त्यावर गेला तर त्याच घटकेला रुग्णालय गाठायचे. मध्यरात्र असो, सण असो. तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत वाट पाहू नये. पांढऱ्या पेशी कमी असल्या की साधा जंतूही काही तासांत रक्तात पसरतो. वेळेवर शिरेतून प्रतिजैविके मिळाली तर बहुतेक जण यातून निभावतात.

३. दिसेनासा होणे आणि मुळासकट जाणे

१९४७-४८ साली अमेरिकेत बोस्टन येथे सिडनी फार्बर या डॉक्टरांनी रक्तकर्करोगाच्या मुलांना एक नवीन औषध दिले. ते आपल्या आंध्रातल्या भीमवरमचे सुपुत्र येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून आलेले होते. सोळा मुलांपैकी दहांना चांगला गुण आला. आठवड्यांपूर्वी ज्यांची आशा सोडली होती ती पोरे खेळू लागली. पण तो गुण टिकला नाही; काही महिन्यांत रोग परतला. त्या काळी पुष्कळांनी म्हटले असते, व्यर्थ गेले सगळे. वास्तविक तेथूनच वाट सुरू झाली. एका औषधाला रोग बिचकतो, पण थोड्या पेशी लपून राहतात, हे कळले. मग दोन, तीन, चार औषधे मिळून द्यायची, आणि रक्त स्वच्छ दिसू लागल्यावरही वर्षानुवर्षे द्यायची, असा क्रम १९६० नंतर बसत गेला. मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक रक्तकर्करोगात श्रीमंत देशांत आज दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. आपल्याकडे आकडा त्याहून कमी आहे. त्याच्या कारणांत उशिरा येणे, मधे सोडणे आणि काउंट उतरल्यावरचा जंतुसंसर्ग ही मोठी आहेत.

मुंबईत परळला टाटा मेमोरिअल रुग्णालय १९४१ साली उघडले. १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. तेथे १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाच्या हाडातला मगज दिला. भारतातले हे पहिले यशस्वी मगजरोपण समजतात. हे डॉक्टर स्वतः लहानपणी पोलिओ होऊन चाकाच्या खुर्चीला बांधले गेलेले, आणि त्याच खुर्चीतून त्यांनी अनेक पोरांना उठवले. १९८४ मध्ये रक्तकर्करोगासाठी एम.सी.पी. ८४१ नावाचा एक ठरीव औषधक्रम निघाला. मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथे तो चालवला. औषधे फार नवी नव्हती. कोणत्या दिवशी कोणते, किती, आणि किती महिने, हे ठरवून सर्वांनी तोच क्रम पाळायचा, ही त्यातली मुख्य गोष्ट. याला आपल्या भाषेत नेम म्हणतात.

सिद्धांत असा की, रोग दिसेनासा होणे ही एक पायरी, आणि मुळासकट जाणे ही दुसरी. दोहोंच्या मधे जी लांब वाट आहे तीच तरुणाला सर्वांत जड जाते. दुखत काही नाही, केस पुन्हा आलेत, मित्र शाहू स्टेडियमवर फुटबॉलला बोलावताहेत, आणि आपण रोज गोळी, आठवड्याला गोळी, महिन्याला रक्त! पण याच काळात लपलेल्या पेशी मरत असतात.

४. शंका-समाधान

शंका पहिली : काउंट पडला, डोस लांबला. औषध लागू पडत नाही काय?

समाधान : काउंट पडणे आणि औषध लागू न पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषध लागू पडते की नाही हे वेगळ्या तपासणीने ठरते : गाठ लहान झाली का, मगजात रोग उरला का. डोस लांबवणे ही डॉक्टरांची सावधगिरी. कधी ते पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन देतात, कधी रक्त वा प्लेटलेट चढवतात, कधी मात्रा कमी करतात. आपण मात्र आपल्या मनाने एक दिवसही पुढे ढकलू नये.

शंका दुसरी : “आता बरं दिसतंय की, मग कशाला उगंच सुया टोचून घ्यायच्या?”

समाधान : वर सांगितलेली १९४८ ची गोष्ट पुन्हा वाचावी. पैसा संपला, गुऱ्हाळ सुरू झाले, बहिणीचे लग्न निघाले, नोकरी जाईल, अशी कारणे खरी असतात; ती खोटी म्हणू नये. पण ती डॉक्टरांना किंवा रुग्णालयातल्या समाजसेवकांना सांगितली तर बहुधा वाट निघते. न सांगता घरी बसले तर नाही. अर्धवट सोडलेला रोग पुढे औषधाला दाद देईनासा होतो, हा यातला मोठा धोका.

शंका तिसरी : “महाराज, पोराला कळलं तर ते खचंल. त्याला सांगू नगासा.”

समाधान : हे प्रेमापोटी म्हटले जाते. पण वीस वर्षांच्या पोराला वॉर्डात आजूबाजूला काय चालले आहे ते दिसते. फोनवर औषधाचे नाव टाकले की सगळे उलगडते. मग त्याला दोन ओझी होतात : रोगाचे एक, आणि आपल्याला माहीत आहे हे आईबापांपासून लपवायचे दुसरे. २००४ साली आलेला ‘श्वास’ हा संदीप सावंत यांचा मराठी चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. माधवी घारपुरे यांच्या कथेवर तो आहे. कोकणातल्या लहानग्या परशाच्या डोळ्यांत कर्करोग. डोळे काढले तर जीव वाचेल, दृष्टी जाईल. डॉक्टरांचे म्हणणे, शस्त्रक्रियेआधी पोराला हे कळले पाहिजे. आजोबाच्या तोंडून शब्द फुटत नाही. पण पोराला अंधारात ठेवून अंधारात नेऊ नये, हे अखेर त्यालाही पटते; आणि शस्त्रक्रियेआधी तो नातवाला बाहेर नेऊन डोळे भरून जग दाखवतो. लहान पोराच्या बाबतीत हे खरे, तर जाणत्या तरुणाच्या बाबतीत किती? सांगावे, पण बेताने. विचारील तेवढे सांगावे, खोटे सांगू नये, आणि सांगून झाल्यावर त्याच्याजवळ बसावे.

शंका चौथी : हे पूर्वजन्मीचे पाप तर नव्हे?

समाधान : हा प्रश्न शेजारचा माणूस विचारतो आणि पोराच्या उरात तो काट्यासारखा राहतो. कर्माचा सिद्धांत मी नाकारीत नाही. तो शिकूनच माझी हयात गेली. पण तो सिद्धांत माणसाने स्वतःच्या आचरणाला लावायचा असतो. दुसऱ्याच्या खाटेपाशी उभे राहून त्याचे खाते वाचण्याचा अधिकार शास्त्राने कोणाला दिला? तरुणांत आढळणारे रक्ताचे, हाडाचे, लसिकाग्रंथींचे कर्करोग बहुतेक वेळा त्याच्या वागण्याने झालेले नसतात. मावा, गुटखा, तंबाखूने होणारा तोंडाचा रोग वेगळा; तेथे कारण स्पष्ट आहे आणि व्यसन सोडायलाच हवे. पण तेथेही रोग झाल्यावर दोष देत बसल्याने एक पेशी मरत नाही. पोरगे अपराधी वाटून उपचाराला तोंड चुकवते, एवढेच होते.

शंका पाचवी : एकादशी, तीर्थ, दिंडी यांचे काय करावे?

समाधान : वारकरी घरातला तरुण हे विचारतोच. आजाऱ्याला उपवासाची सक्ती आपल्या कोणत्याही शास्त्रात नाही. केमो चालू असताना अंगात अन्न जाणे हेच त्याचे व्रत. काउंट उतरलेला असताना न उकळलेले पाणी, मग ते चंद्रभागेचे का असेना, पोटात जाऊ नये. कपाळाला लावण्यापुरते हात जोडावेत. उघड्यावरचा प्रसाद, चिरून ठेवलेली फळे, कच्ची कोशिंबीर टाळावी. आषाढीला कोल्हापूरहून नंदवाळला दिंडी जाते. त्या गर्दीत त्या वर्षी त्याने जाऊ नये, आणि मंडळींनीही आग्रह करू नये. त्याला पाहायला दहा-दहा जणांनी खोलीत शिरू नये. सर्दी-खोकला असलेल्याने तर दारातूनच हात करावा. काढा, भस्म, गावठी पुडी जे काही द्यायचे असेल ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नये. केमोने यकृतावर आधीच भार असतो.

शंका सहावी : ही विचारायची राहून जाते, म्हणून मीच काढतो. पुढे संसाराचे काय?

समाधान : काही औषधांनी आणि किरणोपचाराने संततीची शक्ती कमी होते वा जाते. त्यावर सोय आहे, पण ती बहुधा उपचार सुरू होण्याआधी करायची असते. तरुणाचे वीर्य गोठवून ठेवता येते. मुलींसाठीही मार्ग आहेत. वडीलधाऱ्यांपुढे पोरगे लाजते, आणि वडीलधारे पोरापुढे लाजतात. या लाजेत वेळ निघून जातो. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारावे. यात लाजण्याजोगे काही नाही.

५. वाटेवरच्या सोयी

रात्री कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसने निघावे, सकाळी मुंबई. पण मुंबईत राहायचे कोठे, हा गरिबाचा पहिला प्रश्न. याचे उत्तर एका कीर्तनकाराने फार आधी शोधले होते. गाडगे महाराजांनी हातात झाडू आणि मुखात कीर्तन घेऊन जागोजाग धर्मशाळा उभ्या केल्या. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले, पण त्यांच्या नावाची धर्मशाळा दादरला आहे, आणि परळला उपचार घेणारे गोरगरीब पेशंट व त्यांचे नातलग तेथे उतरतात. लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया संस्थेची केंद्रे २००६ पासून आहेत; तेथे राहण्याचे पैसे घेत नाहीत. रेल्वेत कर्करोगाच्या पेशंटला उपचारासाठी जाता-येता भाड्यात मोठी सवलत आहे, बरोबरच्या एका माणसालाही आहे. रुग्णालयाचा दाखला लागतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे पुष्कळ उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसलेला असतो, त्याला रेशन कार्ड घेऊन भेटावे. सावकाराकडे जाण्याआधी त्याच्याकडे जावे.

आणखी एक सोय मनासाठी. लहानपणी कर्करोग होऊन बरे झालेल्या तरुणांनी २००९ साली इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने ‘उगम’ नावाचा गट काढला. शंभर पाहुण्यांच्या ‘काळजी घे’पेक्षा, यातून पार पडलेल्या एकाने ‘माझाही डोस तीनदा लांबला होता’ म्हणावे, याचा गुण वेगळा.

६. वाट वळते तेव्हा

आता अवघड भाग. नेम पाळला, पथ्य पाळले, आणि तरी रोग उलटला तर?

कॅनडातला टेरी फॉक्स हा तरुण १९७७ साली अठरा वर्षांचा होता. गुडघ्याजवळच्या हाडात कर्करोग निघाला आणि उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापला. आज अशा पुष्कळ पेशंटांत आधी केमो देऊन, रोगट हाडाचा तुकडा काढून धातूचा सांधा बसवतात आणि पाय वाचवतात. तेव्हा ते रूढ झालेले नव्हते. वॉर्डात त्याने आपल्यासारखी पोरे पाहिली आणि ठरवले की संशोधनासाठी देशभर धावून पैसा गोळा करायचा. १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पाय लावून निघाला. रोज सरासरी सुमारे साडेसदतीस किलोमीटर, असे १४३ दिवसांत ५३७३ किलोमीटर. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर धरा. म्हणजे एका पायाने एकवीस वाऱ्या झाल्या! १ सप्टेंबरला खोकला आणि छातीतली कळ अनावर झाली. रोग फुप्फुसात गेलेला होता. त्याने धावणे थांबवले, पुन्हा उपचार घेतले, आणि २८ जून १९८१ रोजी, तेविसावे पुरे होण्याआधी महिनाभर, तो गेला. दर कॅनडावासीयामागे एक डॉलर ही त्याची इच्छा त्याच्या हयातीतच पुरी झाली, आणि त्याच्या नावाची दौड पुढे देशोदेशी निघू लागली.

ही गोष्ट सांगून आजारी पोराला ‘तूही धाव’ म्हणू नये. थकलेल्याने पडून राहणे हेही पथ्यच. गोष्टीचा उपयोग वेगळा. टेरी ज्या दिवशी थांबला, तो दिवस त्याच्या आधीच्या १४३ दिवसांना खोटे पाडीत नाही. प्रिया मराठे उपचारानंतर पुन्हा रंगभूमीवर उभ्या राहिल्या, ते दिवसही कोणी पुसू शकत नाही. रोग उलटणे ही पेशींची गोष्ट आहे. माणसाच्या धैर्याची परीक्षा त्यात नापास झालेली नसते.

रोग उलटला म्हणून प्रत्येक वेळी आशाही सरत नाही. काही रोगांत दुसऱ्या फळीची औषधे असतात, मगजरोपण असते, आणि माणूस बरा होतो. ते डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : बरे होण्याची आशा धरून उपचार करायचा आहे, की त्रास कमी करण्यासाठी? दुसरे उत्तर आले तरी वाट संपत नाही, वळते. १९८६ साली वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसोझा यांनी ‘शांती अवेदना’ आश्रम काढला. बऱ्या न होणाऱ्या कर्करोग्यांसाठी भारतातला तो पहिला. नाव किती नेमके आहे पाहा : वेदना नसणे. दुखणे उतरवणारी औषधे, मॉर्फिनसुद्धा, योग्य हातांनी दिली तर माणूस शांत झोपतो, घास गिळतो, आपल्या माणसांशी बोलतो. हे घेणे म्हणजे हात टेकणे, अशी समजूत टाकून द्यावी. तरुण पोर वेदनेने ओरडत असताना ‘सहन कर’ म्हणणे ही तपश्चर्या नव्हे.

७. या महिन्याचा अभ्यास

वाचकांनी तीन गोष्टी कराव्यात. पहिली : पेठेत, गावात कोणा घरी असा पेशंट असेल तर त्या घरी जाऊन ‘कसा आहे?’ असे उंबऱ्यावरून विचारण्याऐवजी, पुढचा डोस कधी आणि बरोबर कोण जाणार हे विचारावे. रजा काढून एकदा आपण जावे, किंवा मागे राहिलेल्या म्हशीची धार काढावी, धाकट्याला शाळेत सोडावे. दुसरी : रक्तदान करावे, आणि जमेल त्याने प्लेटलेटही द्यावेत; प्लेटलेट पाच दिवसांच्या आसपासच टिकतात, म्हणून ते सतत लागतात. तिसरी : ‘झुंज अपयशी’ हे शब्द आपल्या तोंडातून काढून टाकावेत. कोणी गेला तर म्हणावे, तो शेवटपर्यंत वाटेवर होता.

आणि तू, माडीवर पडल्या पडल्या हे वाचणाऱ्या लेकरा, आज काउंट पडला असेल तर पाणी पी, थर्मामीटर लाव, ताप नसेल तर झोप. चिडचिड झाली तर आईला सांग की गोळीमुळे होते. रडू आले तर रड. रडल्याने पथ्य मोडत नाही. पुढच्या रक्ताच्या तपासणीची तारीख मात्र चुकवू नकोस.